मुनवर नालबंदाचा फरा

भूमच्या आठवडी बाजारात, बैलबाजाराच्या कडेला, एक जुनं कडुलिंबाचं झाड होतं आणि त्याच्या बुंध्याशी मुनवर नालबंदाचं दुकान होतं. दुकान म्हणजे काय, तर एक ठोकळा, एक हातोडी, एक कानस, खूर तासायची सुरी, खिळ्यांचा डबा आणि नालांची पिशवी. तिथंच त्याच्या बापानं बैलांना नाल ठोकले होते, आणि बापाच्या बापानंही. निजामाच्या राज्यात रस्ते खडीचे आणि माळ दगडाचे. बिननालाचा बैल गाडीला जुंपला की आठ दिवसांत लंगडायचा, त्यामुळे नालबंदाला मरण नाही असं म्हणत.

बैलाचा खूर दुभंगलेला असतो, म्हणून एका पायाला दोन नाल, चार पायांना आठ. बैल दोरानं पाडायचा, पाय बांधायचे, खूर तासायचा आणि मग खिळा असा तिरका मारायचा की त्याचं टोक खुराच्या कडेतून बाहेर यावं. तो जरा आत गेला तर जिव्हारी लागतो आणि बैल अधू होतो. पंचवीस वर्षांत मुनवरचा एकही खिळा जिव्हारी लागला नव्हता. हे तो स्वतः कधी सांगत नसे. सांगायची गरजही नव्हती, पार वाशीकडचे शेतकरी बैल हाकत त्याच्याकडे येत.

माणसांपेक्षा जनावरांत जास्त आयुष्य काढलं की जीभही जनावरांचीच होते. मुनवर माणसांची वयं दातांवर मोजायचा. कुणाच्या पोराचं लग्न ठरलं म्हटलं की विचारायचा, ‘चार दाती तरी झालाय का?’ लग्न होऊन घरात आली तेव्हा आपली बायको दोन दाती होती, असं त्यानं एकदा भर पाहुण्यांत सांगितलं. गुलबानो त्याच्याशी दोन दिवस बोलली नाही. तिच्या पायाला भेगा पडल्या की हा म्हणणार, ‘खूर उलले तुझे.’ बाजाराला या बोलण्याची मजा वाटायची आणि मुनवरलाही वाटायची. ती जीभ एक दिवस त्याचंच पोट मारील, हे तेव्हा कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

१९४५ सालच्या भाद्रपदात एका पहाटे तो उठला तो उजवा खांदा धरूनच. मानेपासून कोपरापर्यंत कुणी तापलेली तार ओढत न्यावी अशी कळ. पडला नव्हता, मार लागला नव्हता, ताप नव्हता. आधी वाटलं, आखडला असेल. तिळाचं तेल झालं, निर्गुडीचा पाला झाला, गरम विटेचा शेक झाला. कळ हलली नाही. हात डोक्यावर ठेवला तर जरा बरं वाटायचं, म्हणून बारा-पंधरा दिवस हा गडी डोक्यावर हात ठेवून घरात बसून होता. दारावरून जाणारी माणसं विचारायची, कोण गेलं?

मग कळ ओसरली. मुनवरनं सुटकेचा श्वास टाकला आणि कामाला म्हणून हातोडी उचलायला गेला, तर हात उचलेना. कोपरापासून खाली सगळं शाबूत होतं, मूठ वळत होती, बोटं चालत होती. पण हात खांद्यातून वर म्हणून जाईना. आंघोळीला बसल्यावर गुलबानोनं त्याची पाठ पाहिली आणि तिच्या हातातला तांब्याच खाली पडला. उजव्या खांद्याचं मांस झडून गेलं होतं, आणि खवाट्याचं हाड कुऱ्हाडीच्या पात्यासारखं पाठीतून बाहेर आलं होतं.

कामावर मात्र तो गेला. बैल पाडायला त्याच्याकडे बलभीम नावाचा दणकट गडी होता. त्यानं बैल पाडायचा आणि मुनवरनं डावा हात उजव्याला आधार देत कसेबसे खिळे मारायचे, असं चाललं. त्या बाजारी वाशीकडचा माणिकप्पा आपला ढवळा बैल घेऊन आला. माणिकप्पा जुनं गिऱ्हाईक, लिंगायत शेतकरी, बोलायला मवाळ. एरवी तासाभराचं काम आज दुपार का खातंय, असं त्यानं सहज विचारलं. मुनवरनं खिळ्यावरची नजर न काढता सांगितलं, “काय सांगू अप्पा, उजवा फरा धरलाय. उचलंना झालाय.”

झालं. बोलू नये ते बोलून गेला. माणसाला खांदा असतो. फरा असतो तो जनावराला. आणि त्या फऱ्यावरूनच जनावरांच्या एका रोगाचं नाव पडलंय. पावसाळ्यात येतो, फरा सुजतो, दाबला की आत चरचर वाजतं, आणि धडधाकट बैल दीड दिवसात आडवा होतो. त्या रोगाला शेतकरी फऱ्या म्हणतो, आणि म्हणतानाही आवाज खाली आणतो.

आठव्या दिवशी माणिकप्पाचा ढवळ्या मेला.

कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली. बैल कशानं गेला म्हणून गाव विचारू लागलं, आणि माणिकप्पा म्हणाला, फऱ्यानं. कुठून आला? तर मुनवर नालबंदाला फऱ्या झालाय, त्यानंच तोंडानं सांगितलं, आणि त्याच हातानं माझ्या बैलाचे पाय धरले. माणिकप्पानं हे दारोदार जाऊन सांगितलं नाही. मेलेल्या बैलाला माती देताना चार माणसांत एकदाच सांगितलं. तेवढं पुरलं.

पुढच्या बाजारी लिंबाखाली एकही बैल आला नाही. दुपारी हणमंतप्पा म्हणून एक म्हातारा शेतकरी आला, पण बैल न घेता. मागं पाच-पंचवीस माणसं. त्यानं मुनवरला सदरा काढायला सांगितला. मुनवरनं काढला, त्याला वाटलं, एकदाची शहानिशा होऊन जाऊ दे. म्हाताऱ्यानं त्याचा खांदा अंगठ्यानं दाबला, मग वाकून त्यावर कान ठेवला. पंचवीस वर्षं ज्या माणसानं जनावरं तपासली, त्याला भर बाजारात जनावरासारखं तपासत होते, आणि तो मान खाली घालून उभा होता. मला तर हे लिहितानाही संताप येतो. म्हातारा सरळ झाला आणि म्हणाला, वाजत तर नाही. मुनवरच्या जिवात जीव आला. तेवढ्यात म्हातारा पुढे म्हणाला, “अजून भरला नसंल.”

आता यावर शहाण्या माणसानं गप्प बसायचं. पण मुनवरला बरं व्हायची घाई झाली होती. आखडलेल्या बैलाला तो स्वतः डाग द्यायचा, आणि कित्येक बैल त्यानं पुन्हा चालते झालेले पाहिले होते. त्यानं गुलबानोला डागणी तापवायला सांगितली. तिनं ती परसात फेकून दिली. मग त्यानं बलभीमला बोलावलं. बलभीमनं डोळे मिटून त्याच्या पाठीवर, त्या वर आलेल्या हाडाशेजारी, तीन आडव्या रेघा ओढल्या. रोग रेड्याला आणि डाग पखालीला म्हणतात; इथं तर रोगही कळला नव्हता आणि रेडाही. हात तसाच राहिला. पण डागाची बातमी बलभीमच्या तोंडून बाजारात गेली, आणि ज्यांना शंका होती त्यांचीही खात्री पटली. फऱ्या नसता तर डागून कशाला घेतलं असतं? हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं.

दिवाळी सरली. गाड्या जुंपायचे दिवस, नालबंदाचे सुगीचे दिवस, आणि मुनवर घरात. परांड्याच्या हकिमानं माजून नावाचं चाटण दिलं, पाठीला शिंगी लावून रक्त काढलं. एका जाणत्यानं करणी झाली म्हणून लिंबू उतरवलं. शेजारच्या शांताक्कानं खंडोबाचा भंडारा आणून दिला आणि मुनवरनं तोही खांद्याला लावला. प्रत्येकजण उपाय सांगायचा, नाव मात्र कुणी सांगेना. गुलबानो पाच वेळा नमाज पढणारी बाई. एके दिवशी मुसल्ल्यावर बसल्या बसल्याच ती रडकुंडीला येऊन म्हणाली, “बीमारी का नांव नै मालूम, तो अल्ला को क्या ले जा बोलूं?”

मुनवरच्या मनाला ते लागलं. आजार गेला नाही तरी चालेल, पण त्याला एक नाव पाहिजे, आणि ते फऱ्या नको. बैलांनी परत यायचं तर नावच पाहिजे होतं. त्यानं धाराशिवला जायचं ठरवलं.

सरकारी कागदावर त्या गावाला उस्मानाबाद म्हणत, पण जाणारा माणूस धाराशिवलाच जायचा. गाडीत कुणी घेईना, म्हणून तेरखेडा, येडशी करत तो चालत गेला. उजवा हात गुलबानोच्या जुन्या ओढणीत गळ्याला बांधलेला. हात लोंबला की खांद्यातून पुन्हा तीच तार ओढल्यासारखी व्हायची. दोन दिवसांनी तो सरकारी दवाखान्यात पोचला.

डॉक्टर हैदराबादेकडचा, तरुण, स्वच्छ उर्दू बोलणारा. मुनवरची दखनी आणि त्याची उर्दू एकमेकींच्या लांबच्या बहिणी, निम्मं कळायचं आणि निम्मं डोक्यावरून जायचं. पण माणूस चांगला होता. त्यानं मुनवरला भिंतीला दोन्ही तळवे लावून ढकलायला सांगितलं. डावा खवाटा जागेवर राहिला, उजवा पाठ सोडून बाहेर आला. डॉक्टरनं पुन्हा ढकलायला सांगितलं. मग कंपाउंडरला बोलावून त्यालाही दाखवलं. टाचणी टोचून पाहिली, कोपर ठोकून पाहिलं. पडला होतास का, ताप आला होता का, ओझं उचललं होतंस का? नाही, नाही, नाही. हाड शाबूत आहे, सांधा शाबूत आहे, आसाबचं काहीतरी आहे, असं तो बोलला. आसाब म्हणजे आतल्या नसा, हे कंपाउंडरनं सांगितलं. डागाच्या तीन रेघांवर डॉक्टरनं बोट ठेवलं आणि लगेच काढून घेतलं.

मुनवरनं मग हात जोडले, म्हणजे डाव्यानं उजवा वर धरून जोडले, आणि सांगितलं की औषध नको, हा फऱ्या नाही एवढं लिहून द्या. डॉक्टरनं फऱ्या म्हणजे काय ते विचारलं. कंपाउंडर इथलाच होता, तो हसत म्हणाला, जनावरांचा रोग आहे साहेब. डॉक्टर हसला नाही. त्यानं टाक उचलला, उर्दूत चार ओळी लिहिल्या, सही केली, शिक्का मारला. हात हलवत राहा, पडू देऊ नको, एवढं सांगून त्यानं पुढचा रोगी बोलावला.

बाहेर आल्यावर मुनवरनं कंपाउंडरला कागद वाचायला सांगितला. त्यानं नाव वाचलं, गाव वाचलं आणि पुढचं वाचलं, “मर्ज, मजहूल.” तेवढ्यात आतून हाक आली आणि तो गेला.

मर्ज म्हणजे आजार हे मुनवरला ठाऊक होतं. आणि आजाराचं नाव मजहूल. येडशीपर्यंत तो ते नाव घोकत आला, विसरू नये म्हणून. घरी पोचल्यावर गुलबानोला पहिलं तेच सांगितलं. तिनं ते दोनदा म्हणून पाहिलं आणि त्याच संध्याकाळी दुवेत घेतलं. किती महिन्यांनी तिला दुवा नीट मागता आली.

बाजारात मुनवरनं तो कागद सगळ्यांना दाखवला. वाचता कुणालाच येत नव्हता, पण शिक्का सगळ्यांना दिसत होता. सरकारनं शिक्का मारून मजहूल म्हटलंय, म्हणजे फऱ्या नसणार. हळूहळू भूमच्या आसपासचे बैल लिंबाखाली येऊ लागले. मुनवरनं डाव्या हातानं हातोडी धरायला शिकून घेतलं, चाळिशी उलटल्यावर. आधी जुन्या लाकडात खिळे मारले, मग मेलेल्या बैलाच्या खुरात, मग जित्या. वेळ दुप्पट लागायचा, पण जिव्हारी एकही लागला नाही. मजहूल हे नाव बाजारात इतकं चालू लागलं की कुणाचा गुडघा धरला तरी तो म्हणायचा, मलाबी जरा मजहूल झालाय. मुनवर त्यांना ऐटीत सांगायचा की असा तसा कुणालाही होत नाही तो.

वाशीकडचं एकही जनावर मात्र आलं नाही. तिथं माणिकप्पाचा शब्द होता. गिऱ्हाईक निम्मं, त्यात बलभीमचा वाटा, आणि चूल एक वेळच नीट पेटायची. असं दोन वर्षं चाललं. मग मुनवरनं ठरवलं की कागदाची नक्कल करायची आणि वाशीच्या बाजारात जाऊन ती दाखवायची. मूळ कागद घड्यांवर फाटायला आला होता.

चावडीपुढे हल्लीच जलील नावाचा अर्जनवीस बसू लागला होता, लोकांचे अर्ज उर्दूत लिहून द्यायचा. हैदराबादेत चार यत्ता जास्त शिकून आला होता. मुनवर गेला तेव्हा तिथं बांधाच्या तंट्याचा अर्ज लिहून घ्यायला माणिकप्पा बसला होता. दोन वर्षांत दोघं बोलले नव्हते. तो तिथं असणं मुनवरला बरंच वाटलं. याच्यासमोरच वाचून होऊ दे, असं तो मनाशी म्हणाला.

जलीलनं कागद उलगडला, वाचला, आणि मुनवरकडे पाहिलं. पुन्हा वाचला.

“चाचा, यात आजाराचं नाव न्हाय.”

मुनवरनं बोट ठेवून दाखवलं, हे काय, मजहूल.

“मजहूल म्हंजे ठाऊक न्हाय असा. आजार कळला न्हाय, असं लिवलंय डॉक्टरनं.” जलील नको ते ज्ञानही सांगून गेला, “आळशी मानसालाबी मजहूल म्हंतात.”

दोन वर्षं जे नाव छातीशी धरून तो बाजारात उभा होता, ते नावच नव्हतं. धाराशिवच्या त्या भल्या माणसानं खरं तेवढंच लिहिलं होतं. आणि माणिकप्पानं सगळं ऐकलं होतं. हा आता उठेल, बाजारात जाईल आणि उरलेले बैलही जातील, हे मुनवरला दिसत होतं.

माणिकप्पा उठला नाही. धोतराच्या सोग्यानं तोंड पुसून तो खालच्या आवाजात बोलू लागला.

“मुनवरभाई, माझा ढवळ्या कशानं गेला त्ये मलाबी ठाऊक न्हाय. सकाळी उभा हुता, दुपारी आडवा. फरा सुजला हुता का, त्येबी म्या नीट बघितलं न्हाय. तुमी त्या दिवशी फरा म्हनला हुता, त्येच डोस्क्यात राह्यलं. गाव इचारत हुतं, कशानं गेला, कशानं गेला. काय तरी सांगाय पायजे का न्हाय?”

मुनवर म्हणाला, “मंग येवढं वाशीच्या बाजारात सांगा, अप्पा.”

माणिकप्पानं मान हलवली. “आता कसं सांगू? दोन वरसं झाली. म्या लबाड ठरतो. पोरीची सोयरीक चाललीय.”

“आनि माजं?”

माणिकप्पा आता मात्र उठला. पण जाताना त्यानं एवढं सांगितलं की कागदाचं तो कुठं बोलणार नाही. मुनवर समजला. त्याच्या बैलाचं गुपित यानं ठेवायचं, याच्या कागदाचं त्यानं. झाकली मूठ सव्वा लाखाची, पण या मुठीत दोघांचंही काही नव्हतं, आणि तोटा एकट्या मुनवरचाच होता.

जलीलनं विचारलं, नक्कल करू का. मुनवर म्हणाला, कर, आहे तशी. शब्द बदलू नको.

वाशीला तो कधी गेला नाही. त्याचा हात पुढे मरेपर्यंत खांद्याच्या वर गेला नाही, आणि थंडीच्या दिवसांत ती तार ओढायची थांबली नाही. कशानं झालं, का झालं, मीच का, हे त्यानं नंतर कुणाला विचारलंही नाही. विचारायचे लोक संपले होते.

नक्कल घेऊन त्या दिवशी तो घरी आला तेव्हा गुलबानो मुसल्ल्यावर होती. नमाज संपवून तिनं दोन्ही हात पसरले आणि रोजच्यासारखीच म्हणाली, “या अल्ला, इनका मजहूल ले जा.” दोन वर्षं, दिवसातून पाच वेळा, तिनं हेच मागितलं होतं. मुनवर उंबऱ्यात थांबला. सांगावं असं एकदा त्याच्या ओठांवर आलं. मग सांगितल्यावर ती उद्यापासून काय मागणार, हे त्याला सुचेना.

तो तिच्या मागं जाऊन बसला. डाव्या हातानं उजवा हात उचलून छातीपाशी आणला, दोन्ही तळवे शेजारी शेजारी धरले आणि म्हणाला, आमीन.